कोष्ठ (कुठ)

(सं. कुष्ठ, हिं. कुठ, कूठ, गु. उपलेट, कठ, बं. कुड, अर. कुस्त, इं. कॉस्टस; लॅ. सॉसूरिया कॉस्टस, सॉ. लॅपा, कुल-कंपॉझिटी). पश्चिम हिमालयाच्या उंच भागातील सुगंधी मुळांची एक बहुवर्षायू ओषधी. महाराष्ट्रात काष्ठौषधींच्या दुकानांत हिची वाळलेली मुळे ‘उपलेट’ किंवा ‘कोष्ठ’ या नावांनी मिळतात. मुळांचा व्यापार दोन हजार वर्षांहून अधिक जुना आहे. मात्र ती कोणत्या वनस्पतीची, हे शास्त्रीय दृष्ट्या निश्चित होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. ज्या मुळामुळे ही वनस्पती जगाला ठाऊक झाली, त्याच मुळामुळे ती आपल्या मूळस्थानी नामशेष होण्याच्या सीमेवर आली आहे. या वनस्पतीचा इतिहास औषधीच्या इतिहासाइतकाच व्यापाराचा, राजसत्तेच्या मक्त्याचा आणि लागवडीच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

वर्णन व आढळ : ही सरळ वाढणारी, १–२ मी. उंचीची, राठ व मजबूत खोडाची ओषधी आहे. मूळ जाड, गाजरासारखे निमुळते व सु. ६० सेंमी.पर्यंत लांब असून त्यास उग्र, विशिष्ट सुगंध असतो. मूलज पाने फार मोठी, ०·५–१·२५ मी. लांब, त्रिकोणाकृती व दातेरी असून त्यांच्या देठांना खंडित पंख असतात. खोडावरील पाने लहान, जवळजवळ बिनदेठाची व खोडास वेढणारी असतात. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका तेवढा वाढतो. फुलांचा दांडा पुढील वर्षांत येतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्द जांभळ्या, काहीशा काळपट रंगाचे बिनदेठाचे कठीण स्तबक २–५ च्या झुबक्यांनी खोडाच्या शेंड्याकडे व पानांच्या बगलेत येतात. फळ (कृत्स्नफळ) चपटे व किंचित वाकडे असते. त्यावर पिसासारख्या तपकिरी केसांचा तुरा असतो व त्याच्या साहाय्याने वाऱ्याने बीजप्रसार होतो.

नैसर्गिक अवस्थेत ही वनस्पती काश्मीर व लगतच्या डोंगराळ प्रदेशापुरतीच मर्यादित (प्रदेशनिष्ठ) आहे. किशनगंगेचे खोरे आणि चिनाबच्या वरच्या खोऱ्याचा भाग हे तिचे मुख्य क्षेत्र होय. सु. २,५०० ते ३,६०० मी. उंचीवरील ओलसर, मोकळे उतार, भूर्ज व फर वृक्षांच्या वनांच्या कडा आणि हिवाळ्यात दीर्घकाळ बर्फाखाली राहणारी खोल व सकस जमीन तिला मानवते. क्षेत्र मुळातच एवढे लहान असल्याने तेथील तोडीची भरपाई अन्य प्रदेशातून होण्याचा संभव नसतो.

प्राचीन भारतीय उल्लेख : कुष्ठाचे सर्वांत जुने उल्लेख अथर्ववेदात सापडतात. त्यातील पाचव्या कांडाचे चौथे, सहाव्या कांडाचे पंचाण्णवावे व एकोणिसाव्या कांडाचे एकोणचाळिसावे ही सूक्ते कुष्ठाला उद्देशून आहेत. तक्मन् म्हणजे ज्वर. त्याचा नाश करणारी ही वनस्पती हिमवान पर्वतावर जन्मते आणि तेथून पूर्वेकडील लोकांकडे नेली जाते, असे त्यांत सांगितले आहे. देवांच्या निवासातील अश्वत्थ व सोम यांच्याशीही तिचा संबंध जोडलेला आहे. यांतील धार्मिक व यातुविद्येचा भाग बाजूस ठेवला, तरी दोन गोष्टी लक्षणीय ठरतात. वनस्पतीचे मूळस्थान उत्तरेकडील हिमाच्छादित पर्वत आहे, याची सूक्तकर्त्यांना जाणीव होती; आणि त्या काळीही ती उत्पत्तिस्थानापासून दूरवर पाठविली जात होती. व्यापाराचा हा कदाचित सर्वांत जुना निर्देश म्हणता येईल.

चरकसंहितेत लेखनीय, शुक्रशोधन व आस्थापनोपग या गणांत कुष्ठाचा समावेश केलेला आहे. सुश्रुताने ते एलादी गणात घेतले आहे. श्वास, कास, वातविकार, शूल, त्वग्रोग व व्रण यांवर ते पोटातून किंवा लेपाच्या रूपाने देण्याचा प्रघात आहे. ‘कुष्ठ’ हा शब्द त्वग्रोगांसाठी, विशेषतः महारोगासाठीही रूढ आहे. त्यामुळे संस्कृत ग्रंथांत तो वनस्पतिवाचक आहे की रोगवाचक आहे, हे संदर्भाने ठरवावे लागते.

पाश्चात्त्य जगाशी व्यापार : संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दापासूनच ग्रीक ‘कोस्टोस’, लॅटिन ‘कॉस्टस’ व अरबी ‘कुस्त’ ही नावे आली. थीओफ्रॅस्टस याने सुगंधी द्रव्यांत कोस्टोसचा उल्लेख केला आहे. इ. स. पू. २८८–२८७ च्या सुमारास पहिला सेल्यूकस याने मायलीटसजवळील डिडिमा येथील अपोलोच्या मंदिरास पाठविलेल्या भेटवस्तूंच्या कोरीव यादीत ऊद, बोळ व दालचिनी यांच्या जोडीने कोस्टोसही आहे. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस ऑफ द इरिथ्रियन सी या ग्रंथात सिंधूच्या मुखाजवळील बार्बरिकॉन आणि नर्मदेच्या मुखाजवळील बॅरिगाझा (भडोच) या दोन बंदरांतून निर्यात होणाऱ्या मालात कॉस्टसची नोंद आहे. प्लिनीने ते सिंधूच्या मुखाजवळील पाताल बेटाशी जोडले असून त्याचे काळे व पांढरट असे दोन प्रकार सांगितले आहेत. यांपैकी पांढरट प्रकार तो अधिक चांगला मानतो. डायॉस्कॉरिडीझने अरबी, भारतीय व सिरियन असे तीन प्रकार वर्णिले आहेत.

या वर्णनांवरून ग्रीक व रोमन लेखकांची माहिती बंदरापर्यंतचीच होती, हे स्पष्ट होते. काश्मीरच्या डोंगरांतून खाली आलेला माल सिंधू खोऱ्याच्या वाटेने समुद्रापर्यंत पोहोचे. परदेशी खरेदीदार तो ज्या बंदरात घेत, तेच त्याचे उत्पत्तिस्थान समजत. ‘अरबी’ किंवा ‘सिरियन’ ही विशेषणे बहुधा मालाच्या मार्गांची किंवा भिन्न वनस्पतींच्या मुळांची द्योतक असावीत. रोममध्ये मलमे, सुगंधी तेले व धूप यांसाठी कॉस्टस वापरीत. इस्लामी परंपरेत कुस्ताला औषधी म्हणून विशेष मान आहे व युनानी वैद्यकातही ते आजवर चालत आले आहे.

चीनमध्ये हेच मूळ ‘मूशियांग’ या नावाने औषधात व धूपात वापरले जाते. प्राचीन चिनी औषधिसंग्रहांत त्या नावाची नोंद आहे. देवळांत व घरांत जाळावयाच्या उदबत्त्यांसाठी तेथे त्याला मोठी मागणी असे. पुढील काळात पश्चिमेकडील मागणी ओसरली, तरी चीनच्या मागणीने हा व्यापार टिकवून धरला.

गोवे व ‘उपलेट’ : पोर्तुगीज वैद्य गार्सीया द ऑर्ता याने गोव्यात लिहिलेला व तेथेच १५६३ मध्ये छापलेला औषधींवरील संवादात्मक ग्रंथ या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यातील एक संवाद कॉस्टसवर आहे. अरबीत त्यास ‘कस्त’, गुजरातीत ‘उपलोट’ व मलायी भाषेत ‘पुचो’ म्हणतात आणि मलाया भागात त्याचा मोठा व्यापार चालतो, असे त्याने नोंदविले आहे. मराठीत आज प्रचारात असलेले ‘उपलेट’ हे नाव गुजरातीतील या जुन्या नावाचेच रूप असून पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराची ती खूण होय. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत येणारे ‘पुचक’ हे नाव ‘पुचो’शी संबंधित आहे. अरबी, सिरियन व भारतीय असे भेद वस्तुतः खरे नसून माल एकच आहे, हे ऑर्ताने ओळखले होते. तथापि त्याचे मूळस्थान त्याला सापडले नाही. माळवा व चितोड यांच्या बाजूचा प्रदेश त्याने सांगितला. तोही प्राचीन लेखकांप्रमाणेच व्यापाऱ्यांच्या सांगण्यावर अवलंबून होता.

वनस्पतीची ओळख : लिनीअस यांनी १७५३ मध्ये ‘कॉस्टस’ हे नाव आल्याशी नाते असलेल्या उष्ण प्रदेशातील एका वंशास दिले. त्यामुळे नावांचा गोंधळ वाढला. कोकणात व सह्याद्रीच्या रानांत पावसाळ्यात पांढरी फुले येणारे पेव (पेवा) हे याच गटातील असून ते दीर्घकाळ कॉस्टस स्पेसिओसस या नावाने ओळखले जात असे. या नावसाधर्म्यामुळे पेवाचा कंद व कोष्ठ एकच असल्याचा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात दोहोंचा काहीही संबंध नाही. पेव एकदलिकित आहे, तर कोष्ठ सूर्यफुलाच्या कुलातील द्विदलिकित वनस्पती आहे.

फ्रेंच निसर्गवैज्ञानिक व्हीक्तॉर झाकमाँ यांनी १८३१ मध्ये काश्मीरचा प्रवास करून तेथील वनस्पतींचे नमुने गोळा केले. पुढील वर्षी ७ डिसेंबर १८३२ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या नमुन्यांवरून डकेन यांनी या वनस्पतीचे लॅपा या जातिवाचक नावाने वर्णन केले. परंतु प्राचीन कॉस्टस तो हाच, हे सिद्ध करण्याचे श्रेय ह्यू फॉल्कनर यांच्याकडे जाते. ते सहारनपूर येथील वनस्पतिउद्यानाचे अधीक्षक होते. काश्मीरमधील प्रवासात त्यांनी ही वनस्पती पाहिली आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑक्लंड यांच्या नावावरून तिच्यासाठी ऑक्लंडिया हा नवा वंश स्थापिला. त्यांचे प्रतिपादन अनेक पुराव्यांच्या मेळावर आधारलेले होते. काश्मीरमधील ‘कुठ’ हे नाव संस्कृत व अरबी नावांशी जुळत होते. मुळाचे गुण जुन्या वर्णनांशी मिळते होते. आणि माल पंजाबातून कलकत्ता व मुंबई या बंदरांकडे व तेथून चीन व तांबड्या समुद्राकडे जात होता, म्हणजे व्यापाराची दिशाही जुन्या नोंदींशी सुसंगत होती. त्यांचा विस्तृत निबंध १८४५ मध्ये लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे ही वनस्पती सॉसूरिया या वंशात समाविष्ट झाली आणि सॉ. लॅपा हे नाव दीर्घकाळ रूढ राहिले. १९६४ मध्ये लिपशिट्स यांनी फॉल्कनर यांच्या आधीच्या नावास अनुसरून सॉ. कॉस्टस हे नाव दिले. अलीकडे, २०२० पासून, तिला डोलोमिया वंशात घालण्याचे मतही मांडले गेले आहे. औषधिग्रंथांत व कायद्यांत मात्र सॉसूरिया हेच वंशनाव प्रामुख्याने आढळते.

मक्ता व लागवड : काश्मीर संस्थानात कुठाचे संकलन व विक्री हा दरबाराच्या उत्पन्नाचा एक मार्ग होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगराळ भागातील रहिवासी मुळे खणून काढीत, त्यांचे तुकडे करीत व वाळवून जमा करीत. काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत कुठाचे तुकडे ठेवण्याची पद्धत होती. महाराजा प्रतापसिंह यांच्या कारकीर्दीत, १९२१ मध्ये (विक्रम संवत १९७८), कुठासंबंधी स्वतंत्र कायदा करण्यात आला व विनापरवाना खणणे, बाळगणे व विकणे यांवर निर्बंध आले. या कायद्याचा मुख्य हेतू महसुलाचे रक्षण हा होता. वनस्पतीचे रक्षण त्यातून घडले, ते आनुषंगिकच होते. किंमत जितकी अधिक, तितके चोरट्या खोदाईचे आकर्षणही अधिक, हे कोणत्याही मक्त्याचे लक्षण येथेही दिसून आले.

संस्थानाच्या सीमेपलीकडे, तत्कालीन पंजाबच्या कांग्रा जिल्ह्यात मोडणाऱ्या लाहूलमध्ये, १९२५ च्या सुमारास काश्मीरमधून आणलेल्या बियांपासून कुठाची लागवड सुरू झाली. चंद्रा व भागा या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश सु. ३,००० मी. उंचीवर आहे. पाऊस अल्प, हिवाळा बर्फाचा, शेतीचा हंगाम आखूड व पाणी पाटांचे, अशी तेथील परिस्थिती होती. सातू व कुट्टू यांवर गुजराण करणाऱ्या शेतकऱ्यांना वजनाने हलके, टिकाऊ व मोलाचे असे पीक हवे होते. खेचरांच्या पाठीवरून खिंडी ओलांडून न्यावयाच्या मालास हे गुण आवश्यकच असतात, व कुठात ते सर्व होते. चीनमधील मागणीमुळे दर चांगला मिळू लागला व अनेक कुटुंबांच्या हाती प्रथमच रोख पैसा खेळू लागला.

ही भरभराट एकाच बाजारपेठेवर उभी होती. दुसरे महायुद्ध व १९४९ नंतरची चीनमधील परिस्थिती यांमुळे ती बाजारपेठ आक्रसली. चीनच्या युनान प्रांतात या वनस्पतीची लागवड सुरू झाल्याने भारतीय मालाची गरजही कमी झाली. लाहूलमधील शेतकरी हळूहळू बियाण्याच्या बटाट्याकडे आणि नंतर वाटाणा व अन्य भाज्यांकडे वळले. रस्ते झाल्यावर, आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील अटल बोगदा खुला झाल्यावर, नाशवंत माल बाहेर नेणे सुकर झाले. त्यामुळे टिकाऊपणा हा कुठाचा जुना लाभ उरला नाही. लाहूल व उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यातील उंच गावांत आज त्याची मर्यादित लागवड होते.

लागवडीची पद्धत : खोल, भुसभुशीत, निचऱ्याची व कुजलेल्या पालापाचोळ्याने समृद्ध अशी दुमट जमीन या पिकास योग्य असते. मूळ सरळ व जाड होण्यासाठी खोल नांगरट करून दगड काढून टाकतात. बी शरद ऋतूत बर्फ पडण्यापूर्वी किंवा वसंतात बर्फ वितळल्यावर पेरतात. शरदातील पेरणीत बी हिवाळाभर बर्फाखाली राहून वसंतात उगवते. रोपे लहान असताना तण काढणे व पाणी देणे महत्त्वाचे असते. हिवाळ्यात जमिनीवरील भाग मरतो व वसंतात मुळापासून पुन्हा पाने फुटतात. साधारणतः तिसऱ्या वर्षी, पाने पिवळी पडू लागल्यावर, मुळे खणतात. ती झटकून माती काढतात व सु. ८–१० सेंमी. लांबीचे तुकडे करून वाळवितात. मुळे ओलसर राहिल्यास बुरशी येते व सुगंध कमी होतो. पानांचा चारा व वाळलेल्या खोडांचे जळण होते.

रासायनिक घटक व उपयोग : मुळात सु. १·५% बाष्पनशील तेल, सु. ०·०५% सॉसूरिन हे अल्कलॉइड, सु. ६% राळ व सु. १८% इन्युलीन असते. १९२०–३० या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्वासनलिकेच्या दम्यावरील त्याच्या क्रियेचा अभ्यास केला. परंपरागत औषधीची आधुनिक पद्धतीने तपासणी करण्याच्या भारतातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी तो एक होय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. एस. राव, जी. आर. केळकर व एस. सी. भट्टाचार्य यांनी कोष्ठतेलातील कॉस्ट्युनोलाइड या लॅक्टोनाची संरचना निश्चित करून १९६० मध्ये प्रसिद्ध केली. डीहायड्रोकॉस्टस लॅक्टोनाच्या संरचनेवरही त्याच प्रयोगशाळेत काम झाले. कॉस्ट्युनोलाइड हे सेस्क्विटर्पीन लॅक्टोनांच्या एका मोठ्या गटाचे मूळ संयुग मानले जाते.

आयरिसच्या मुळाची व जंबुल पुष्पाची (व्हायोलेटची) आठवण देणारा व दीर्घकाळ टिकणारा गंध यांमुळे हे तेल उंची अत्तरांत स्थिरकारक म्हणून वापरीत. परंतु वरील लॅक्टोने त्वचेतील प्रथिनांशी संयोग पावून तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) निर्माण करतात. त्यामुळे सुगंधद्रव्य उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुगंधी उत्पादनांतील त्याचा वापर निषिद्ध ठरविला आहे. आयुर्वेदीय, युनानी, तिबेटी व चिनी वैद्यकांत मात्र मुळांस मागणी आहे.

मागणीच्या मानाने माल कमी असल्याने भेसळ पूर्वापार चालत आली आहे. पुष्करमूळ (इन्युला रेसिमोझा) हे त्याच कुलातील असून मुळे दिसण्यात बरीच सारखी असल्याने ती सर्रास मिसळली जातात. चीनमध्ये ‘मूशियांग’ हा शब्द असलेल्या नावांनी ॲरिस्टोलोकिया वंशातील मुळेही विकली जात. त्यांतील ॲरिस्टोलोकिक अम्ल मूत्रपिंडास घातक असल्याने नामसादृश्यामुळे होणारी अदलाबदल धोक्याची ठरते.

संरक्षण : औषधासाठी मूळच हवे असल्याने प्रत्येक काढणीत संपूर्ण झाड नष्ट होते. मुळे खणण्याचा काळ व बी पक्व होऊन पसरण्याचा काळ जवळजवळ एकच असल्याने अनेकदा बीजप्रसारापूर्वीच झाड उपटले जाते. नवीन रोपास मूळ धरून फुलावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. गुरे-मेंढ्यांच्या चराईने त्यात भर पडते. ही कारणे एकत्र आल्याने वन्य कुठ अतिदुर्मिळ झाले असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली आहे.

संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारात (सायटिस) १९७५ मध्ये त्याचा समावेश दुसऱ्या परिशिष्टात झाला. हे पुरेसे नसल्याचे आढळून आल्यावर १९८५ मध्ये ते पहिल्या परिशिष्टात घालण्यात आले. त्यामुळे वन्य मुळांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरला. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियमात १९९१ मध्ये वनस्पतींसाठी नवे प्रकरण व सहावी अनुसूची जोडण्यात आली. तीत आरंभी अवघ्या सहा नोंदी होत्या व कुठ त्यांपैकी एक होते. या तरतुदींनुसार ते रानातून उपटण्यास मनाई असून लागवड व विक्री यांसही परवाना लागतो.

या निर्बंधांची आवश्यकता निर्विवाद आहे. तथापि त्यांतून एक पेच उद्‌भवतो. शेतातील मूळ व रानातील मूळ वाळल्यावर केवळ पाहून वेगळे सांगता येत नाही. म्हणून लागवडदारास आपला माल शेतातलाच असल्याचे दाखले द्यावे लागतात. दुर्गम गावातील लहान शेतकऱ्याला ही यातायात परवडत नाही आणि तो हे पीक सोडून देतो. शेतातील माल कमी झाला, की मागणीचा भार पुन्हा रानावर पडतो. उलट दाखल्यांत शिथिलता आली, तर रानातून चोरून आणलेला माल शेतातील म्हणून खपतो. लाहूलच्या अनुभवावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. लागवडीने औषधी द्रव्य टिकविले, पण वन्य वनस्पती टिकविली नाही. शेतातील पीक थोड्याशा बियाण्यापासून वाढलेले असल्याने रानातील विविधतेची जागा ते घेऊ शकत नाही. शेतांची जागच्या जागी नोंदणी व सुलभ परवाने, बियाण्याचा पुरवठा, आणि मूळ क्षेत्रातील उरलेल्या ठिकाणांना चराई व खोदाईपासून पूर्ण संरक्षण, हे तिन्ही उपाय एकत्र अंमलात आले तरच अथर्ववेदाच्या काळापासून हिमवानाची म्हणून ओळखली गेलेली ही वनस्पती आपल्या मूळस्थानी टिकून राहणे शक्य आहे.